पर्वरीतला डच ओळखीचा क्लास: तिकडे ८६ दिवस राहून आल्यावर लिहिलेला रिव्ह्यू

हा रिव्ह्यू मी क्लास संपल्या संपल्या लिहिणार होते, पण म्हटलं आधी तिकडे जाऊन येऊया, शिकलेलं किती उपयोगी पडतं ते बघूया आणि मगच लिहूया. तर आता लेकीचं बाळंतपण उरकून, ८६ दिवस नेदरलँड्समधल्या आयंडहोवनला राहून, भर पावसात गोव्यात, माशेलला परत आलेय आणि सांगते, ज्यांची मुलं नेदरलँड्सला आहेत किंवा जाणारेत त्यांनी हा क्लास लावाच. मुलांनी लावावाच, पण त्याहून आईवडिलांनी लावावा असं मला वाटतं.

आधी माहिती सांगते. सहा रविवार, सकाळी दहा ते साडेबारा, पर्वरीत शिकवणाऱ्या ताईंच्या स्वतःच्या घरी, बाल्कांवात म्हणजे ओसरीवर खुर्च्या मांडून. आमच्या बॅचला अकरा जण होतो. फी माणशी ४,५०० रुपये, चहा-खाणं त्यातच. ताई गोव्याच्याच, उट्रेख्टजवळ २१ वर्षं राहून नोकरी करून आलेल्या. मराठीतून शिकवतात, मध्येच कोंकणीत शिरतात, डच शब्द आला की आमच्याकडून तीनदा म्हणून घेतात. तिथला 'जी' म्हणजे घशातून काढलेला 'ख', हे पहिल्याच दिवशी डोक्यात बसलं.

याच्याआधी मी एका कन्सल्टन्सीच्या दोन तासांच्या सेशनला पैसे भरले होते. पवनचक्की, ट्युलिप, चीज, लाकडी बूट, सायकल, आणि 'डच लोक तोंडावर बोलतात, वाईट वाटून घेऊ नका', एवढंच. घरी आले तेव्हा जेवढं माहीत होतं तेवढंच माहीत होतं, म्हणून या क्लासला जाताना मन थोडं धास्तावलेलंच होतं.

पहिल्या रविवारी ताईंनी आम्हाला विचारलं, तुमच्यापैकी खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतांच्या, गावातले कोण? माझा हात वर. माझे सासरे गावकारीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या, बांधाच्या कामाला आयुष्यभर गेले. मग त्यांनी मलाच उभं करून सांगायला लावलं की बांध कसा घालतात, मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, लाकडी दारं भरती आली की पाण्याच्या दाबाने आपोआप कशी मिटतात आणि ओहोटीला कशी उघडतात, आत कोरगुट भात कसं होतं, आणि बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरून पुढची कितीतरी वर्षं जमीन कशी हातची जाते. मी बोलले सगळं, आणि ताई म्हणाल्या, "झालं, तुम्हाला अर्धं नेदरलँड्स कळलं."

आणि खरंच तसं आहे. त्या देशाची साधारण पाव जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे, स्खिपोलचा विमानतळसुद्धा. ताईंनी एक जुना कायदा सांगितला तो मला अजून आठवतो. डाइक म्हणजे बांध, प्रत्येक शेतकऱ्याच्या वाट्याला बांधाचा एक तुकडा आणि तो त्यानेच राखायचा. नाही जमलं तर त्याने त्या बांधात आपलं फावडं रोवायचं आणि जमीन सोडून निघून जायचं, मग जो कोणी ते फावडं उपसेल त्याची ती जमीन आणि त्याच्यावरच बांधाची जबाबदारी. हे ऐकताना मला सासऱ्यांची खोरी दिसायला लागली, मागच्या पडवीत भिंतीला टेकून ठेवलेली, दांडा हाताने गुळगुळीत झालेला. ते रात्री-बेरात्री हाक आली की ती उचलून निघायचे, पावसात, भरतीच्या वेळी. शेजाऱ्याचा बांध फुटला तर पाणी आपल्याही शेतात येतं हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही, आणि त्या लोकांनाही नाही.

मग यातूनच पुढचं सगळं आलं. तिथे पाण्याचा कारभार बघायला 'वातरस्खाप' नावाच्या संस्था आहेत, तेराव्या शतकापासूनच्या, आज २१ उरल्यात, त्यांच्या वेगळ्या निवडणुका होतात, वेगळा कर असतो. राजा कोण, धर्म कोणता, भांडण कसलं, हे सगळं बाजूला ठेवून बांधासाठी एका टेबलाशी बसायचं, बोलत राहायचं, सगळ्यांना पटेपर्यंत. त्याला त्यांच्या भाषेत क्रियापदच आहे, पोल्डेरेन. पोल्डर म्हणजे पाणी काढून केलेली जमीन, त्यावरून. कामगार संघटना आणि मालक १९८२ मध्ये असेच बसून पगारवाढ आवरती घेण्यावर समझोता करून उठले, त्याचंही उदाहरण ताईंनी दिलं. आता ऑफिसमध्ये एवढ्या मीटिंगा का, शिपायापासून सगळ्यांना मत का विचारतात, साहेबाला नावाने हाक का मारतात, हे जावई फोनवर तक्रारीच्या सुरात सांगायचे, ते मला इथे पर्वरीत बसून कळलं आणि मीच त्यांना समजावलं.

१९५३ चा पूरही सांगितला, ३१ जानेवारीच्या रात्रीचा, वादळ आणि मोठी भरती एकत्र आली आणि दक्षिण-पश्चिमेकडचे बांध फुटले, एकट्या नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी डेल्टाची कामं, म्हणजे नद्यांच्या मुखांशी बंधारे आणि दारं, काढली, ती कित्येक दशकं चालली, रॉटरडॅमजवळची ती प्रचंड मोठी दोन दारं १९९७ मध्ये पुरी झाली. वादळ आलं की मिटतात. म्हणजे मानसच की. आमच्याकडे काही मानशींची दारं कुजून पडलीत आणि खाजनात कांदळ वाढलंय, हे मी तिथे बसून बोलले तेव्हा कोणीच काही बोललं नाही थोडा वेळ.

दुसरा रविवार इतिहासाचा आणि तो पण गोव्यापासूनच सुरू. यान हाउखेन फान लिन्स्खोतेन नावाचा डच तरुण १५८३ मध्ये गोव्यात आला, आर्चबिशपचा सेक्रेटरी म्हणून पाच वर्षं राहिला, इथले बाजार, नारळ, आंबे, माणसं सगळं बघितलं, आणि पोर्तुगीजांनी जपून ठेवलेले समुद्रातले मार्गही टिपून घेतले. त्याने ते सगळं मायदेशी जाऊन छापलं, मार्गांचा भाग आधी १५९५ मध्ये आणि पूर्ण वर्णन १५९६ मध्ये ॲमस्टरडॅमला निघालं, आणि डचांची पहिली जहाजं १५९५ मध्येच पूर्वेकडे निघाली. १६०२ मध्ये व्हीओसी, म्हणजे डच ईस्ट इंडिया कंपनी. म्हणजे जुन्या गोव्यातल्या एका सेक्रेटरीच्या वहीने केवढं मोठं काम केलं बघा. मग वेंगुर्ल्याची डच वखार, १६३७ ची, आपल्या डोळ्यासमोरची, आणि मांडवीच्या तोंडाशी पावसाळा संपला की डच जहाजं येऊन पोर्तुगीजांची वाट अडवून बसायची ते. माझं माहेर सावंतवाडीकडचं, वेंगुर्ल्याला दहा वेळा गेले असेन, त्या पडक्या भिंतींकडे बघून बंदरावर फिरायला गेले असेन. आता गेले की थांबणार आहे.

पण मला सगळ्यात आवडलं ते मलबारच्या वनस्पतींचं. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक फान रेडे याने तिथल्या झाडापाल्याचं १२ खंडांचं काम करून घेतलं, १६७८ ते १६९३ मध्ये ॲमस्टरडॅमला छापलं, सातशेच्या वर वनस्पती. त्यात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते, आणि त्यांनी दिलेली साक्ष पहिल्या खंडात कोंकणीत, नागरी अक्षरांत छापलीय. ताईंनी त्या पानाची मोठी प्रिंट आणली होती, आम्ही सगळे वाकून वाकून वाचायचा प्रयत्न करत होतो, अक्षर अक्षर लावत. साडेतीनशे वर्षांपूर्वी ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात कोणीतरी ही अक्षरं कोरली, काय लिहिलंय ते त्याला वाचताही येत नसेल. मला गहिवरून आलं, लपवत नाही.

आणि त्याच दिवशी ताईंनी टेबलावर एक जायफळ ठेवलं, कुळागरातलं, वरची जायपत्री लालभडक ओली होती. म्हणाल्या, याच्यासाठी व्हीओसीच्या यान पीटरझोन कून याने १६२१ मध्ये इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर हजारो माणसं मारली, उरलेल्यातल्या बऱ्याच जणांना गुलाम करून नेलं, आणि कूनचा पुतळा होर्न गावात आजही आहे आणि त्यावर आजही वाद होतो. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीतली गुलामी १८६३ मध्ये कायद्याने संपली आणि मळ्यांवर माणसं हवीत म्हणून १८७३ मध्ये कलकत्त्याहून आपली माणसं भरून पहिलं जहाज गेलं. त्यांचे वंशज आज हेगमध्ये मोठ्या संख्येने आहेत, सरनामी नावाची भाषा बोलतात. २०२३ मध्ये राजाने गुलामगिरीबद्दल माफी मागितली. ताईंचं हे मला फार पटलं की त्यांनी आपल्या लाडक्या देशाचं हे तोंड झाकलं नाही. आमच्यातला एक मुलगा म्हणाला, ताई हे सगळं कशाला, मला नोकरीला जायचंय. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या ऑफिसात सुरिनामची मुलगी शेजारी बसेल, तिचं आडनाव आपल्यासारखं का, ते तुला माहीत असायला हवं." बस्स.

आता बाळंतपण, म्हणजे चौथा रविवार, ज्यासाठी मी मुळात गेले होते.

तिथे बाळ झालं की 'क्रामझोर्ख' असतं. शिकलेली बाई रोज घरी येते, साधारण आठ दिवस, काही तास, विम्यातून, थोडे पैसे आपण भरायचे. बाळ-बाळंतिणीचं सगळं बघते. मला आधी हे ऐकून वाईटच वाटलं होतं, म्हणजे आई असताना परकी बाई कशाला? ताईंनी समजावलं की ती तुमची जागा घ्यायला येत नाही, तुम्ही आधीच टेबलाशी बसून कोणी काय करायचं ते ठरवा, तिथे न बोलता समजून घेतील अशी अपेक्षा ठेवू नका. आणि पलंगाखाली ठोकळे लावून तो ७० ते ८० सेंटिमीटर उंच करायला लागतो, कारण त्या बाईची कंबर दुखता कामा नये असा नियमच आहे. क्लासमध्ये सगळे हसले पण मला तो नियम फार बरा वाटला. आमच्याकडे बाळंतिणीचं करणाऱ्या बायकांच्या कमरेचा विचार कोणी कधी केला?

तर मे महिन्यात नात झाली, मुलगी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई सायकलवरून आली. पन्नाशीची, केस आखूड, हात गरम करून मगच बाळाला हात लावायची. ताप बघायची, टाके बघायची, बाळ नीट ओढतंय का ते तासभर बसून बघायची, वजन लिहायची, एका फाइलमध्ये सगळं मिनिटासकट नोंदवायची, मग बाथरूम धुवून काढायची आणि पाहुण्यांना चहा पण द्यायची. मी पहिल्या दिवशीच लेकीकरवी सांगितलं, मला तेल लावून आंघोळ घालायचीय, शेक द्यायचाय, धुरी द्यायचीय. ती बसली, ऐकून घेतलं, प्रश्न विचारले. तेल नाळ पडल्यावर, हलक्या हाताने, चालेल. शेक बाळंतिणीला चालेल. धुरी नको, बाळाच्या छातीला बरी नाही. मला थोडं लागलं, पण तिने कारण सांगितलं, नुसतं नाही म्हटलं नाही, आणि मी ऐकलं. क्लासला गेले नसते तर मी नक्की रुसून बसले असते.

तिसऱ्या दिवशी मी खिरीसाठी अळीव भिजवत होते. ती वाटीत डोकावली आणि एकदम ओरडली, "टाउनकेर्स!" लेकीने सांगितलं, तिथे शाळेतली पोरं ओल्या कापसावर हेच बी उगवतात आणि पालेभाजीसारखं ब्रेडवर खातात. तिला मी खीर दिली, तिने वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि फाइलमध्ये बाळंतिणीच्या आहारात अळीव लिहून टाकलं. आणि तिने आम्हाला काय दिलं तर 'बेस्खाउट मेत माउश्येस', गोल खुसखुशीत टोस्ट, त्यावर लोणी आणि वर साखरेत घोळवलेले ॲनिसचे दाणे, आपल्या बडीशेपेसारखे, मुलगी म्हणून गुलाबी-पांढरे. माउश्येस म्हणजे छोटे उंदीर, दाण्याचा देठ शेपटीसारखा दिसतो म्हणून. ॲनिसने दूध येतं असं त्यांच्याकडे जुन्या बायका मानायच्या. आपली बाळंतशोप आठवली, ती पण मी माशेलहून नेली होतीच. दोन्ही डबे ओट्यावर शेजारी शेजारी होते आठ दिवस.

पाहुणे ठरवून येतात हे क्लासमध्ये पन्नास वेळा ऐकलं होतं. शेजारच्या आजींनी बाळ बघायला नऊ दिवसांनंतरची वेळ घेतली, साडेतीन वाजता, आणि साडेतीनलाच आल्या. आपल्याकडे मागच्या दाराने हाक मारत येतात त्यांना हे थंड वाटेल, मलाही पहिल्यांदा वाटलं. पण त्या आल्या तेव्हा घरात दुसरं कोणी नव्हतं, दीड तास आमच्याच होत्या, हातातला फोनसुद्धा बाहेर काढला नाही, आणि मला हात देऊन म्हणाल्या "खेफेलिसितेर्त", म्हणजे अभिनंदन. आजीचं पण अभिनंदन करतात तिथे. वाढदिवसाला पण घरातल्या प्रत्येकाला म्हणतात, तुझ्या भावाबद्दल, तुझ्या नातीबद्दल. हे मी इथे सुरू केलंय आता.

आता उणं काय ते पण सांगते, कारण रिव्ह्यू आहे. ताई राहिल्या उट्रेख्टकडे, त्यामुळे शिकवलेलं बरंचसं तिकडचं आणि ॲमस्टरडॅमचं. आयंडहोवन समुद्रसपाटीच्या वर आहे, ब्राबांट प्रांतातलं, मी गेल्या गेल्या डाइक शोधत होते तर डाइकच नाही. तिथला 'ख' पण मऊ, निरोप घेताना 'हाउदू' म्हणतात, लोक जुने कॅथलिक वळणाचे, खायला-प्यायला सैल हाताचे, आणि कार्निव्हल करतात! आमच्या पणजीसारखं. त्या दिवसांत आयंडहोवनचं नाव 'लाम्पेखात' होतं, फिलिप्सने १८९१ मध्ये तिथे दिव्यांचा कारखाना काढला त्यावरून. गोव्याच्या माणसांना हे सांगायला नको? मी ताईंना फोन करून बोलले, त्यांनी ऐकून घेतलं आणि दक्षिणेवर अर्धा तास वाढवते म्हणाल्या. 'हॉलंड' म्हणजे बारा प्रांतांतले फक्त दोन, हे त्यांनीच शिकवलं होतं, तर ते क्लासमध्येही दिसायला हवं.

दुसरं, भाषा कमी पडते. सहा रविवारांत शंभरेक शब्द झाले, दुकानात उपयोगी पडले, पण औषधाच्या चिठ्ठीवरचं एक अक्षर लागलं नाही. डॉक्टरकडच्या भाषेचं एक पान वेगळं हवं. नोट्सच्या झेरॉक्स फिकट आहेत, चष्मा लावूनही दिसत नाहीत. आणि बाल्कांवातून रस्त्याचा आवाज येतो, मागे बसू नका.

तोंडावर बोलण्याबद्दल ताईंनी जरा जास्तच घाबरवलं असं माझं मत. मला तिथे कोणी लागेल असं बोललं नाही. विचारलं तर खरं सांगतात, एवढंच.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. दुपारी थंड ब्रेड-चीज, संध्याकाळी सहाला जेवण, लहान मुलांना ब्रेडवर चॉकलेटचा चुरा. माशाची आठवण आली की सुरिनामी दुकानातली रोटी-भाजी खाल्ली, मसाला ओळखीचा निघाला. कच्चं हेरिंग मी खाल्लं, कांदा घालून, आणि मला आवडलं, इतरांचं इतरांना माहीत.

पाचव्या रविवारचं एक राहिलं. दुसऱ्या महायुद्धाचं. १९४४-४५ चा उपाशी हिवाळा, वीस हजारांवर माणसं गेली, लोकांनी ट्युलिपचे कंद उकडून खाल्ले. ट्युलिप म्हटलं की आपल्याला फोटो आठवतात, तिथल्या म्हाताऱ्यांना ती चव आठवते, असं ताई म्हणाल्या होत्या. ४ मेला रात्री आठ वाजता मी लेकीबरोबर, तिचे दिवस भरत आलेले, चौकात गेले. दोन मिनिटं. बस थांबली, सायकलवरची पोरं उतरून उभी राहिली, एक बाळ रडत होतं तेवढाच आवाज. आणि त्याआधी सातच दिवस, २७ एप्रिलला, राजाच्या वाढदिवसाला तोच चौक सगळा केशरी झाला होता, पोरं जुनी खेळणी चादरीवर मांडून विकत होती. मला काय बघायचं ते माहीत होतं म्हणून मी नुसती उभी राहून बघू शकले, लेकीला दर मिनिटाला विचारावं लागलं नाही.

पुढची बॅच चतुर्थीनंतर सुरू होतेय, बारा जागा असतात आणि लवकर भरतात. पार्किंग नाही, बसने या. चौथ्या रविवारी ताईंनी मला पण बोलावलंय, पलंगाच्या ठोकळ्यांचे फोटो आणि गुलाबी माउश्येसचा एक न फोडलेला डबा घेऊन जाणार आहे, ज्यांच्या लेकी-सुनांचे दिवस जवळ आलेत त्यांनी त्या दिवशी नक्की या.